आपली आवडती गाणी आणि त्यांच्या आठवणी

(महोत्सवानिमित्त बारवी धरणाच्या परिसरात भरलेल्या कुटुंबमेळाव्यात केलेले भाषण)



महोत्सव-समितीने ‘आवडती गाणी’ हा विषय आमच्याकडे सोपविला तेव्हा आम्हांस प्रथम थोडा संकोच वाटला. चर्चच्या महोत्सवात बोलावयाचे म्हणजे एखाद्या संताचे चरित्र, धर्मग्रामाचा इतिहास, फार तर शिक्षणप्रसार, असे काही असावयाचे. सिनेमाच्या व रेडिओच्या गाण्यांस तेथे काय काम? परंतु विचार करू लागलो तसतसे ध्यानात येत गेले की, आपल्या धर्मग्रामाच्या इतिहासाचा एक मोठा भाग कोणत्याही नोंदवहीत सापडावयाचा नाही. बाप्तिस्म्याच्या वहीत मुलाचे नाव, तारीख व धर्ममातापित्यांची नावे असतात. लग्नाच्या वहीत साक्षीदारांच्या सह्या असतात. त्या मुलास निजविताना त्याची आई काय गुणगुणत होती, त्या लग्नाच्या मांडवात कोणते गाणे दोनदा वाजविण्यास लाविले, हे मात्र कोठेही लिहिलेले नसते. ते माणसांच्या कानांत राहते आणि माणसाबरोबरच मातीआड होते.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. गाणे उच्च की सामान्य हा निवाडा करण्याचा आमचा अधिकार नाही. संगीतज्ञ ज्याकडे ढुंकूनही पाहणार नाहीत असे एखादे गाणे कानी पडताच एखाद्या वृद्ध गृहस्थाचा कंठ दाटून येतो. ते गाणे प्रथम ऐकले त्या वेळी शेजारी कोण बसले होते, हे त्या गृहस्थास ठाऊक असते आणि संगीतज्ञास ठाऊक नसते, एवढाच काय तो फरक. आम्ही आवडती गाणी म्हणतो ती या अर्थाने.

आता आपण कोण, कोठून आलो, हे क्षणभर आठवावे. उल्हास नदीच्या या खोऱ्यात आपल्यांपैकी बहुतेकांची घरे एका-दोन पिढ्यांचीच आहेत. कोणी वसईहून आले, कोणी गोव्याहून, कोणी मंगळूरकडून, कोणी अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील दुष्काळी गावांतून. काड्यापेटीच्या कारखान्यात, दारूगोळ्याच्या कारखान्यात, गिरण्यांत व रेल्वेत काम मिळाले म्हणून अंबरनाथास व बदलापुरास बिऱ्हाडे झाली. शेजारचे उल्हासनगर तर फाळणीने घरदार हिरावून घेतलेल्या सिंधी बांधवांचे. लढाईच्या काळातील लष्करी छावणीच्या बराकींत त्यांनी संसार मांडले आणि 1949 साली त्या वसाहतीस आजचे नाव मिळाले. त्यांनी बरोबर काय आणिले असेल ते असो. लग्नात म्हणावयाचे ‘लाडा’ मात्र आणिले. आमच्या शेजारच्या सिंधी आजीबाई नातीच्या लग्नात ते म्हणू लागल्या म्हणजे भाषा न कळूनही आमच्या घरच्या बायका उंबऱ्यात येऊन उभ्या राहत. बिऱ्हाड हलविताना माणूस भांडी मोजून घेतो. गाणी कोणी मोजून घेत नाही, तरी ती बरोबर येतातच.

आमच्या आईचे माहेर नगरकडचे. तिने येताना गाडीतून जाते आणिले होते. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत जाते ठेवण्याची हौस पाहून शेजारणी हसत. पण पहाटे ती दळावयास बसली म्हणजे हसणाऱ्याच बायका भिंतीपलीकडून कान देत. पहिली ओवी कोणास वाहावयाची याविषयी तिचा नियम ठरलेला होता. पहिली मरियामातेस, दुसरी बापास, तिसरी भावास. मग सासरच्या मंडळींची पाळी येई, आणि तेथे धान्याबरोबर आणखी पुष्कळ काही दळले जाई. आमचे वडील अशा वेळी झोपेचे सोंग घेऊन पडलेले असत.

ओवी ही आपल्या ख्रिस्ती मंडळींस काही परकी नव्हे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघीय 1579 साली गोव्यास आले. त्यांनी मराठी आत्मसात केली आणि ‘ख्रिस्तपुराण’ रचिले. ते 1616 साली राचोल येथे छापले गेले. सुमारे 11,000 ओव्यांचा तो ग्रंथ. तारणाचा इतिहास सांगण्यासाठी त्यांनी लॅटिन वृत्त घेतले नाही, इंग्रजी घेतले नाही. येथील पुराणिक आपल्या श्रोत्यांस जो छंद ऐकवीत होते तोच घेतला. ग्रंथातील ओवी आणि जात्यावरची ओवी यांच्या बांधणीत भेद आहे हे आम्ही जाणतो. तथापि त्या एकाच घराण्याच्या आहेत. आणि ज्या श्रोत्यांच्या घरी पहाटे ओवी घुमत होती त्यांनाच हे पुराण गोड लागले असले पाहिजे, असे आम्हांस वाटते.

पुढे आमच्या चाळीच्या कोपऱ्यावर पिठाची चक्की आली. जाते मोरीपाशी सरकले, मग त्यावर पाण्याची कळशी बसली. आईने ओव्या म्हणणे बंद केले असे कोणी ठरविले नव्हते. दळण थांबले, म्हणून ओवी थांबली. एकदा आमच्या धाकट्या बहिणीने, “आई, ती मामाची ओवी म्हण ना,” असा हट्ट धरिला, तेव्हा आई म्हणाली, “हात फिरल्याबिगर आठवत नाय गं.” कामाशी बांधलेल्या गाण्याचे असेच असते. काम गेले म्हणजे गाण्याचा खुंटाच निखळतो.

याच कारणाने पुण्यास स्थायिक झालेले फ्रेंच अभ्यासक गी प्वातवाँ आणि त्यांच्या सहकारी हेमा राईरकर यांनी केलेले काम आम्हांस फार मोठे वाटते. महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत हिंडून, बायकांच्या तोंडून ऐकून, त्यांनी व त्यांच्या मंडळींनी एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, आणि ओवीबरोबर ती सांगणाऱ्या बाईचे व गावाचे नावही लिहून ठेविले. त्यांतील पुष्कळ ओव्या ध्वनिमुद्रित होऊन आज कोणासही ऐकण्यास खुल्या आहेत. प्वातवाँ 2004 साली निवर्तले. ज्या बायकांनी त्यांना ओव्या सांगितल्या त्यांपैकी कित्येक आज नाहीत. त्यांचे आवाज आहेत.

आणि हे बोलत असता समोरच्या या पाण्याकडे आमचे लक्ष जाते. बारवी नदीवरचे हे धरण औद्योगिक विकास महामंडळाने बांधिले, आणि 1972 साली, राज्यावर मोठा दुष्काळ कोसळला त्याच वर्षी, ते उभे राहिले. उल्हासनगर, अंबरनाथ येथपासून थेट मीरा-भाईंदरपर्यंतची शहरे व कारखाने हे पाणी वापरतात. आज सकाळी आपण घरी प्यालेला चहा बहुधा याच पाण्याचा. पुढे मागणी वाढली तशी धरणाची उंची टप्प्याटप्प्याने वाढविली गेली आणि काठची आणखी गावे व पाडे उठले. ओवीत माहेरच्या गावाचे, वाटेवरच्या ओढ्याचे, देवळापुढच्या झाडाचे नाव आल्यावाचून राहत नाही. या पाण्याखालच्या गावांतून सासरी गेलेल्या किंवा येथून उठून अन्यत्र वसलेल्या बायकांच्या ओव्यांत ती नावे अजून असतील. आम्हांस अशा एक बाई भेटल्या. आम्ही गावाचे नाव विचारिले, तर त्यांनी ते सांगितले, आणि लगेच हात पाण्याकडे केला. ओवी म्हणा अशी विनंती करण्याचा आम्हांस त्या वेळी धीर झाला नाही.

लग्नाच्या गाण्यांची गोष्ट अधिक आनंदाची. आपल्यांतील ईस्ट इंडियन घराण्यांत लग्नाच्या आधी ‘उंबराचे पाणी’ आणण्याची चाल आहे. बँड लावून, नव्या लुगड्यांत, बायका विहिरीवर जातात, गाणी म्हणत पाणी भरितात आणि वाजतगाजत घरी आणितात. त्या पाण्याने नवरानवरीस न्हाऊ घालतात. वसईकडच्या कुपारी मंडळींची लग्नगीते निराळी, बोलीही निराळी. आमच्या गल्लीत एका लग्नाच्या वेळी विहीर शोधण्याचा प्रसंग आला. विहीर कोठली? एक होती ती बुजवून तिच्यावर दुकान झालेले. शेवटी बँड आणि वऱ्हाड इमारतीच्या आवारातील नळाशी गेले आणि बारवीच्या पाण्याची घागर भरून परतले. गाणे विहिरीचेच म्हटले. तरुण मंडळी हसली. वराच्या आजीने मात्र एकही कडवे गाळले नाही. आमच्या मते तिचेच बरोबर होते. पाणी कोठून आले याचा हिशेब महामंडळाने ठेवावा. न्हाऊ घालणाऱ्या हातांनी आपले गाणे का बदलावे?

आता रेडिओकडे येऊ, कारण आमच्या पिढीची निम्मी आवडती गाणी त्या लाकडी पेटीतून बाहेर पडली आहेत. तरुण मंडळींस सांगितले तर खरे वाटणार नाही, पण त्या काळी रेडिओ बाळगण्यास सरकारी परवाना काढावा लागे. आमच्या चाळीत सतरा बिऱ्हाडे आणि रेडिओ एक. 1952 साली केसकर नभोवाणीमंत्री झाले, आणि चित्रपटगीतांनी लोकांची अभिरुची बिघडते असे मानून त्यांनी आकाशवाणीवरून त्या गाण्यांस जवळजवळ हद्दपार केले. परिणाम असा झाला की, सारा देश सिलोनकडे कान लावून बसला. त्याच वर्षी तेथून बिनाका गीतमाला सुरू झाली होती. बुधवारी रात्री अमीन सयानी यांचा आवाज आला म्हणजे चाळीतील भांडणेसुद्धा तहकूब होत. हे सयानी 2024 साली निवर्तले, तेव्हा ज्यांनी कधी त्यांचे छायाचित्रही पाहिले नव्हते अशा माणसांस घरचे कोणी गेल्यासारखे वाटले. अखेर 1957 च्या ऑक्टोबरात आकाशवाणीने विविध भारती सुरू केली आणि गाणी घरी परत आली. लोकांची आवड हुकुमाने बदलत नाही, हे सरकारास पाच वर्षांत कळले. काही घरांतील वडिलांस ते अजून कळावयाचे आहे.

तथापि केसकरांच्या त्याच काळात आकाशवाणीने एक अलौकिक देणगी दिली, हेही सांगितले पाहिजे. 1955 च्या एप्रिलपासून पुणे केंद्रावरून ‘गीतरामायण’ सुरू झाले. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडके यांच्या चाली. दर आठवड्यास एक, अशी 56 गीते वर्षभर चालली. आमच्या शेजारी एका खोलीत रेडिओपुढे उदबत्ती लागे. आमच्या घरी उदबत्ती नसे, पण आवाज नसे हेही खरे. वडील जपमाळ हाती घेऊन बसत आणि गीत संपेपर्यंत मणी पुढे सरकत नसे. आईने एकदा विचारिले की, हे चालते का? वडील म्हणाले, “बाप रानात धाडतो आणि मुलगा जातो, एवढे समजावयास का हरकत आहे?” आमच्या वडिलांनी धर्मशास्त्रावर केलेले एवढेच एक भाष्य आम्हांस आठवते.

मुंबई केंद्रावर ‘आपली आवड’ नावाचा कार्यक्रम असे. श्रोत्यांनी पत्र टाकावे, आवडते गाणे कळवावे. गाण्याआधी पत्र पाठविणाऱ्यांची नावे वाचली जात. हिंदी कार्यक्रमांस पत्रे लिहून झुमरी तलैया या गावाने जसे देशभर नाव कमाविले, तसे आमच्या चाळीस कमविता आले नाही, पण प्रयत्न कमी पडला असे म्हणता येणार नाही. आमची थोरली बहीण दर महिन्यास एक पोस्टकार्ड टाकी. शांता शेळके यांनी लिहिलेली आणि हृदयनाथ मंगेशकरांनी स्वरबद्ध केलेली कोळीगीते तेव्हा नुकतीच आली होती; लता मंगेशकर व हेमंतकुमार यांचे आवाज. त्यांतले एक तिने मागितले होते, आणि घरातल्या सर्वांची नावे, अगदी तान्ह्या भाचीचेही, ओळीने लिहिली होती. अखेर ती नावे वाचली गेली तेव्हा बहिणीचे लग्न होऊन ती वसईस नांदावयास गेलेली होती. आई हातात पळी धरून रेडिओपाशी उभी होती. गाणे संपले तरी ती तशीच उभी. मग म्हणाली, “तिचे नाव जुन्याच आडनावाने घेतले.” ते गाणे आजही कोठे लागले तर आमच्या डोळ्यांपुढे समुद्र येत नाही, पळी येते.

आता जी गोष्ट आपल्यांपैकी फार थोड्यांस ठाऊक असेल, तिच्याकडे वळतो. ज्या हिंदी गाण्यांवर आपण जीव टाकला, त्यांच्या वाद्यमेळात आपल्याच धर्मबांधवांचे हात होते. पोर्तुगीज अमलात गोव्यातील चर्चच्या शाळांमधून मुलांस स्वरलेखन व व्हायोलिन शिकविण्याची रीत होती. उपासनेसाठी शिकविलेली ती विद्या पोटासाठी मुंबईस आली. प्रथम हॉटेलांतील बँडमध्ये आणि मूकपटांच्या थिएटरांत, पुढे बोलपटांच्या स्टुडिओत. संगीतदिग्दर्शक चाल बांधी. पण चाळीस-पन्नास वादकांनी कोणत्या क्षणी काय वाजवावयाचे हे कागदावर उतरविणारा, ज्यास अरेंजर म्हणतात, तो पुष्कळदा गोव्याचा ख्रिस्ती माणूस असे. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांमागे सेबॅस्टियन डिसोझा होते. पुणतांब्याचे आपले सी. रामचंद्र यांच्याबरोबर ट्रंपेटवादक चिक चॉकलेट होते. खरे नाव अँटोनियो झेवियर वाझ. 1951 च्या ‘अलबेला’त ते आपल्या बँडसह दिसतातही. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी प्यारेलाल यांस व्हायोलिन शिकविले. 1958 साली त्यांनी मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्रांगणात रागदारीवर रचलेले संगीत मोठ्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतले, आणि त्यात लता मंगेशकर व मन्ना डे गाइले. तबकडीवर मात्र या मंडळींची नावे छापली जात नसत. गोन्साल्विस यांचे नाव देशाच्या तोंडी झाले ते 1977 च्या ‘अमर अकबर अँथनी’तल्या एका विनोदी गाण्यामुळे, शिष्याने गुरूस अशा रीतीने आठविले. गुरू 2012 पर्यंत हयात होते. पुष्कळांस ते नाव कल्पित वाटत होते, आणि आजही वाटते.

याच लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांनी 1973 च्या ‘बॉबी’त गोव्याच्या एका जुन्या देखणीचे धृपद घेतले. देखणी म्हणजे नाचाबरोबर गावयाचे गीत. मूळ गीतात एक नर्तिका नदीकाठी येऊन नावाड्यास विनविते की, पलीकडच्या लग्नास जावयाचे आहे, मला पार ने. तो नको म्हणतो. ती एकेक दागिना देऊ करिते.

हे गाणे आपल्या धर्मग्रामातील एका जोडप्याचे होते. नावे सांगत नाही, जाणणारे जाणतील. गृहस्थ गोव्याचे, कारखान्यात फिटर. धरण नवे होते तेव्हा कारखान्यातील मित्रांबरोबर ही दोघे येथे आली होती. ट्रान्झिस्टरवर ते गाणे लागले, आणि एरवी चारचौघांत तोंड न उघडणारे ते गृहस्थ पाण्याकडे तोंड करून मूळ कोकणी शब्दांत, मोठ्याने, सबंध गीत म्हणाले. बाई मराठी, त्यांना शब्द कळले नाहीत. पुढे चाळीस वर्षे, घरात अबोला झाला की तो मोडावयाचा तो याच चालीवर शीळ घालून.

ते वारले तेव्हा बाईंनी अंत्यविधीच्या मिस्सेत ते गाणे वाजवावे अशी इच्छा सांगितली. त्यांना नाही म्हणण्यात आले. शब्द सौम्य होते, कारणही समजाविले गेले. पण त्या फार दुखावल्या, आणि कित्येक रविवार मागच्या दारानेच येऊन जात राहिल्या. आमचे मत विचाराल तर नियम योग्यच होता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 साली उपासनाविधीविषयी जो ठराव केला त्यात लोकभाषेस वाव दिला, निरनिराळ्या लोकांच्या आपापल्या संगीतपरंपरेस मान दिला, आणि म्हणूनच आज आपण मराठीत मिस्सा ऐकतो व गातो. परंतु परंपरा निराळी आणि एका घराची खासगी खूण निराळी. वेदीपुढे साऱ्या मंडळीची प्रार्थना चालते; दोघांतली शीळ तेथे आणिली तर तीही लाजते आणि मंडळीही गोंधळते. मात्र हेही तितकेच खरे की, त्या बाईंच्या दुःखास आपल्याजवळ दुसरी जागाच नव्हती, आणि ती जागा करून देणे हे आपणा शेजाऱ्यांचे काम होते. महिन्याची मिस्सा झाल्यावर गायनवृंदातील दोन मुले व्हायोलिन घेऊन त्यांच्या घरी गेली. कोणी सांगितले नव्हते. जेवणे होऊन भांडी आवरेपर्यंत त्यांनी काही वाजविले नाही, मग वाजविले. बाईंनी त्या दिवशी प्रथमच कोणास तरी विचारिले की, या गाण्याचा अर्थ काय? गोव्याच्या एका वृद्ध बाईंनी तो सांगितला. तेव्हा, ती नर्तिका शेवटी पार गेली का, असे त्यांनी पुन्हा विचारिले. नावाडी नाहीच म्हणतो, हे ऐकून त्या म्हणाल्या, “आमचे हे सांगत की नेतो म्हणाला.”

असो. महोत्सवाच्या निमित्ताने समितीने एक वही केली आहे. प्रत्येक घराने एक गाणे लिहावयाचे, मग ते ओवी असो, भजन असो, सिनेमाचे असो, कोकणी, सिंधी, काहीही असो. आणि त्यापुढे ते कोणाचे व का, एवढे. गाण्याचे शब्द पुरे आठवत नसले तरी चालेल. आतापर्यंत 31 घरांनी लिहिले आहे. गंमत अशी की, सात घरांनी एकच गाणे दिले आहे, आणि कारणे सातही वेगळी आहेत. एकाने कारण लिहून पुन्हा खोडले आहे. ते आम्ही वाचण्याचा प्रयत्न केलेला नाही.

वही आज जेवणानंतर भांडारगृहाजवळच्या मेजावर ठेविली जाईल. ज्यांस लिहिण्यास अडचण आहे त्यांचे सांगणे युवक मंडळातील मुली उतरून घेतील, आणि ज्या आजीबाई म्हणून दाखवितील त्यांचा आवाजही टिपून ठेवितील. गाड्या पाच वाजता निघावयाच्या आहेत, तेव्हा साडेचारपर्यंत लिहून व्हावे.